मास्कवर धरलेली वाफ

डाइव्हिंगच्या बोटीचं इंजिन बंद झालं की पाण्याचा चपचप आवाज एकदम मोठा होतो आणि त्या आवाजात सगळ्यांची लगबग सुरू होते. कुणी सूटची चेन ओढतंय, कुणी बाकाखाली पायांत घालायच्या फिन्स शोधतंय, कुणी सिलिंडरची हवा तोंडाशी आणणारा रेग्युलेटर तोंडात धरून दोन श्वास घेऊन बघतंय. अशा गडबडीत प्रशिक्षक माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "मॅडम, मास्क द्या जरा." दिला. पट्टा सैल वाटला असेल, नाहीतर बक्कल तपासायचं असेल, असं मला वाटलं. त्याने मास्क उताणा केला, आतल्या बाजूने काचेवर थुंकला, अंगठ्याने ती थुंकी पार कडेपर्यंत चोळली, बाहेर वाकून मास्क समुद्रात एकदाच बुचकळला आणि परत माझ्या हातात ठेवला. "घाला." पुढच्या माणसाकडे वळलासुद्धा. विचारणं नाही, सांगणं नाही. माझ्या हातात तो ओला मास्क, त्याच्या सिलिकॉनच्या कडेवरून ओघळणारं खारं पाणी, आणि पुढच्या मिनिटाला तो माझ्या डोळ्यांना आणि नाकाला घट्ट चिकटून बसणार होता.

घातला. दुसरं करणार काय? बाकीचे पाण्यात उड्या टाकत होते. पण ती गोष्ट मनात रुतून बसली, आणि गंमत म्हणजे किळसेमुळे नाही. किळस पाण्यात शिरताच गेली. रुतलं ते हे, की त्या दिवशी मला खाली जितकं लख्ख दिसलं तितकं त्याआधी कधीच दिसलं नव्हतं. प्रवाळाच्या फटीतून मिशा बाहेर काढून बसलेली कोळंबी, तिच्या पायांवरचे पांढरे पट्टे, वाळूत अर्धवट पुरलेल्या चपट्या माशाचे फिरणारे डोळे. हे सगळं एका परक्या माणसाच्या थुंकीआडून. तोंडात असेपर्यंत जी आपण दिवसभर बिनतक्रार गिळतो, तीच बाहेर पडली की घाण होते; स्वतःची असली तरी. आणि तरीही लहानपणी पाटी पुसायला आम्ही हीच वापरायचो. दप्तरात ओलं फडकं असायचं, पण त्याला वेळ लागायचा. बाई पाठमोऱ्या झाल्या की तोंडातलं बोट सरळ पाटीवर. पाण्याने पुसलेल्या पाटीवर पांढरट फराटे राहायचे, थुंकीने पुसलेली पाटी मात्र काळीभोर निघायची. असं का, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. मार मात्र त्यासाठी खाल्लेला आठवतो.

ती थुंकी होती मास्कच्या काचेवर आतून धरणाऱ्या वाफेसाठी. आणि ह्या वाफेची सगळ्यात चीड आणणारी गोष्ट ही, की ती समुद्राची नसते. बाहेर एवढं अथांग पाणी, पण त्यातला एक थेंबही ह्या धुक्यात नसतो. सिलिंडरमधली हवाही निर्दोष. ती भरतानाच तिच्यातला ओलावा काढून टाकलेला असतो, इतका की डाइव्हनंतर घसा कोरडा पडतो. मग मास्कमध्ये दमट असं काय असतं? आपणच. चेहऱ्याची कातडी, घाम, डोळ्यांतला ओलावा, आणि मुख्य म्हणजे नाकातून सुटलेला श्वास. तो अंगाइतका ऊबदार आणि बाष्पाने भरलेला. काचेच्या दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट जोमाने उष्णता ओढून घेतं. काच थंड, आतली हवा दमट, वाफ धरणारच.

"मग नाकाने श्वास सोडू नका ना," असं कोरड्या जमिनीवरून कुणीही सांगेल. स्कूबात श्वास तोंडाने घ्यायचा आणि तोंडानेच सोडायचा, हे पहिल्या दिवशी शिकवतात ते खरंच आहे. पण खाली उतरताना नाकाने मास्कमध्ये थोडी हवा सोडावीच लागते. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट झालेला असतो. मास्कमधली हवा त्या दाबाने आक्रसते, मास्क चेहरा ओढून घ्यायला लागतो, आणि हवा सोडली नाही तर डोळ्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. वर आलेल्या माणसाचे डोळे असे लालभडक होतात की घरचे घाबरतात. पोहण्याचा साधा गॉगल लावून खोल जाता येत नाही, ते ह्याचमुळे. त्यात नाक नसतं. डाइव्हिंगच्या मास्कमध्ये नाक आत घेतलंय ते मुद्दाम, हवा भरायची सोय म्हणून. म्हणजे जो श्वास डोळे वाचवतो, तोच त्यांच्यासमोर पडदा धरतो. मला हा हिशेब कळला तेव्हा मास्क करणाऱ्यांचा राग थोडा कमी झाला.

वाफ धरते तीही एकदम नाही. आधी कडेला, नाकाच्या वर, एक दुधी डाग दिसतो. वाटतं, बाहेरचं पाणीच गढूळ असेल. मग तो डाग डोळ्यांसमोर सरकतो आणि पुढे पोहणाऱ्या जोडीदाराच्या पिवळ्या फिन्स नुसते दोन पिवळे ठिपके होतात. हात आपोआप काचेकडे जातो. बाहेरून पुसून काय उपयोग, हे ठाऊक असतं, तरी जातोच. आवाज मात्र सगळे जागच्या जागी असतात: रेग्युलेटरचा खरखरीत श्वास, कानामागून वर पळणारे बुडबुडे, आणि खडकांत लपून नांग्या वाजवणाऱ्या कोळंब्यांची ती अखंड तडतड. कान सगळं सांगत असतात आणि डोळे काहीच सांगत नाहीत. मनगटावरच्या, खोली आणि वेळ दाखवणाऱ्या काँप्युटरचा आकडा वाचायला हात नाकापर्यंत आणावा लागतो. जीव घाबरतो, श्वास जोरात चालू होतो, नकळत थोडा नाकावाटेही सुटतो, आणि वाफ आणखी दाट होते. सिलिंडरमधली हवा त्यात दुपटीने संपते ते वेगळंच.

मला बरेच दिवस वाटायचं की थुंकी, शाम्पू, बाजारात मिळणारी वाफेवरच्या द्रावणाची बाटली, ही सगळी मंडळी वाफ अडवत असतील. ती काहीच अडवत नाहीत. काचेवर पाणी तेवढंच जमतं. फरक पडतो तो ते पाणी बसतं कसं यात. काचेवर तेलकट, मेणचट काही असेल तर पाणी तिथे अळवावरच्या पाण्यासारखं आपलं अंग चोरून गोळा होतं. असे लाखो बारीक थेंब, आणि प्रत्येक जण उजेडाला वेगळ्याच दिशेला फेकतो. त्या गोंधळालाच आपण धुकं म्हणतो. काच खरोखर स्वच्छ असेल, किंवा तिच्यावर पाण्याला सैल करणारं काही असेल, तर तेच पाणी पसरून सलग पातळ पापुद्रा होतं, आणि त्यातून आरपार दिसतं. साबण हेच करतो. थुंकीतली प्रथिनं आणि तो बुळबुळीतपणाही हेच करतो. म्हणजे आपल्याला स्वच्छ दिसतं तेव्हाही काच ओलीच असते.

हे कोडं सोडवायला एक मोठा माणूस बसला होता. लॉर्ड रॅले, ज्यांना आर्गॉन वायूच्या शोधासाठी १९०४ सालचं नोबेल मिळालं, त्यांनी १९११ मध्ये 'नेचर' ह्या विज्ञान-साप्ताहिकात काचेवर फुंकर मारल्यावर उमटणाऱ्या आकृत्यांवर लिहिलं. त्यांनी काचेवरून एक बारीक ज्योत फिरवली, काच गार होऊ दिली आणि मग तिच्यावर श्वास सोडला. सगळी काच पांढरी झाली. ज्योत जिथून गेली होती ती वाट तेवढी काळी, पारदर्शक राहिली. त्यांचं म्हणणं, ज्योतीने काचेवरचा चिकट थर गेला आणि तिथे पाणी थेंब न होता पसरलं. जॉन ऐटकेन नावाच्या शास्त्रज्ञाला हे पटलं नाही आणि दोघांत त्याच पानांवर वाद झाला. एवढ्या मोठ्या माणसांनी आरशावरच्या फुंकरीवरून हुज्जत घालावी, हे मला फार लोभस वाटतं. अंघोळीनंतर धुरकटलेल्या आरशावर बोटाने नाव लिहिलं तर दुसऱ्या दिवशी वाफेत तेच नाव पुन्हा उगवतं, तोही ह्याच घराण्यातला खेळ. बोटाने तिथल्या थराची घडी विस्कटलेली असते, ती पुसल्याशिवाय जात नाही.

आणि मजा अशी की रॅलेंची ती ज्योत आजही बोटींवर फिरते आहे. नवा मास्क घेतला की पहिले काही दिवस तो हमखास वाफ धरतो, कारण कारखान्यातल्या सिलिकॉनचा एक न दिसणारा थर काचेवर बसलेला असतो. जुने डाइव्हर लायटर काढतात आणि आतल्या बाजूने काचेवर ज्योत फिरवतात. काजळी धरते, ती पुसून टाकली की काम झालं. मी हे पाहते तेव्हा माझं लक्ष काचेपेक्षा बाजूच्या सिलिकॉनवर असतं. ज्योत जरा कडेला गेली की मास्क गेला. काच टेंपर्ड, म्हणजे तापवून कणखर केलेली, नसेल, तिच्यावर कारखान्यातच एखादा लेप दिलेला असेल, किंवा ती काच नसून प्लास्टिक असेल, तर हा प्रयोग करूच नये. मी टूथपेस्टवाली. साधी पांढरी पेस्ट, जेल नाही. बोटावर घेऊन गोल गोल चोळायची, ठेवून द्यायची, धुवायची, आणि पुन्हा. त्या पेस्टमधली बारीक खर तो थर खरवडून काढते. कंटाळवाणं काम आहे, पण मास्क आपला होतो तो अशा वेळी. लेप असलेल्या काचेला मात्र पेस्टही लावायची नाही, नाहीतर पैसे देऊन घेतलेला लेप आपल्याच हाताने घासून काढल्यासारखं होतं.

थुंकीचीही रीत असते. काच कोरडी हवी. ओल्या काचेवर थुंकून उपयोग नाही. ती पाण्याबरोबर वाहून जाते, आणि नव्वद टक्के लोकांचं इथेच बिनसतं असा माझा अंदाज. थुंकी भरपूर हवी, संकोचून चालत नाही. कोपऱ्यापर्यंत चोळायची, मग एकदाच बुचकळायचं. खळखळून धुतलं तर सगळी मेहनत समुद्राला अर्पण. चोळणाऱ्या बोटाला सनस्क्रीन लागलेलं असेल तर त्यापेक्षा काही न केलेलं बरं. आणि मास्क कपाळावर चढवून ठेवायचा नाही. तापलेल्या कपाळाची सगळी वाफ आत जमते. शिवाय पाण्यात असलेला माणूस मास्क कपाळावर घेतो तेव्हा तो अडचणीत आहे की काय, अशी शंका बोटीवरच्यांना येते. मास्क गळ्यात ठेवावा. आणि घालायच्या आधी चेहरा पाण्यात बुडवून गार करावा. ही शेवटची गोष्ट कुणी करत नाही. तिचा उपयोग सगळ्यात जास्त होतो.

बोटीवर एक बादली असते, मास्क विसळायची. सगळे आपापल्या मास्कमध्ये थुंकतात आणि सगळे त्याच बादलीत बुडवतात. परक्याच्या थुंकीवरून मी एवढी अस्वस्थ झाले होते, पण ह्या बादलीत बिनधास्त हात घालते. माणसाची किळस कुठे जागी होईल आणि कुठे डुलकी काढेल, सांगता येत नाही.

जपानच्या आमा बायका हे अधिक शोभिवंत करतात. सिलिंडर न घेता, दम रोखून शंख-शिंपल्यांसाठी बुडी मारणाऱ्या ह्या बायका मास्कची काच आतून योमोगीच्या पानांनी पुसतात. योमोगी म्हणजे आपल्या दवण्याच्या कुळातली वनस्पती, तसाच कडवट वास असलेली. पान चुरगळायचं, काचेवर चोळायचं, पाण्यात हलवायचं. दवण्याचा वास माझ्या ओळखीचा असल्याने मला हे वाचताना तो मास्कच्या आत आल्यासारखा वाटला, आणि थुंकीवाल्यांच्या बाजूची असूनही क्षणभर हेवा वाटला.

हा सगळा खटाटोप पाण्याखालीच चालतो असं नाही. जून १९६६ मध्ये जेमिनी ९ए ह्या अमेरिकेच्या अंतराळमोहिमेत जीन सर्नन हा अंतराळवीर यानाबाहेर पडला. दोन तासांच्या वर बाहेर होता. पकडायला धड काही नाही, फुगलेला ताठ सूट, प्रत्येक हालचालीला झटापट. अंगातून इतका घाम निघाला की सूटची यंत्रणा त्याला पुरी पडेना आणि हेल्मेटची काच आतून धूसर झाली. हात आत घालता येत नाही, त्यामुळे त्याने नाकाने काच घासून त्या धुक्यात बघण्यापुरतं एक भोक केलं. त्या भोकातून बघत तो परत आला. मला ह्या प्रसंगातलं ते नाकच जवळचं वाटतं. कोट्यवधी डॉलरचं यान, आणि वेळेला काय कामी आलं तर नाकाचा शेंडा. पुढच्या मोहिमांमध्ये बाहेर पडण्यापूर्वी काचेला वाफ न धरण्याचं द्रावण लावू लागले. आणि यानाबाहेरच्या कामाचा सराव पाण्यात बुडून करायला लागले; त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जेमिनी १२ मधून गेलेल्या बझ ऑल्ड्रिनने तो पोहण्याच्या तलावात केला होता. अंतराळवीरांना शेवटी आमच्या पंगतीला यावं लागलं, ह्याचं मला उगाचच समाधान आहे.

पण द्रावणानेही दगा दिला. एप्रिल २००१ मध्ये कॅनडाचा अंतराळवीर क्रिस हॅडफील्ड अंतराळस्थानकाच्या बाहेर मोठा यांत्रिक हात बसवत असताना त्याचा डावा डोळा भयंकर झोंबायला लागला. डोळ्यातून पाणी आलं, पण तिथे पाणी खाली ओघळत नाही. त्याचा गोळा डोळ्यावरच साचला, मोठा झाला, नाकाचा पूल ओलांडून उजव्या डोळ्यात गेला. दोन्ही डोळे बंद, आणि माणूस अंतराळात. थोड्या वेळाने अश्रूंनीच ते धुऊन काढलं आणि त्याने काम पुरं केलं. दोष निघाला काच स्वच्छ ठेवणाऱ्या द्रावणाचा. पुढे एका भाषणात त्याने सांगितलं की आता तिथे लहान मुलांचा, डोळ्यांना न झोंबणारा शाम्पू वापरतात. डाइव्हरांच्या पिशवीत तो फार आधीपासून असतो, छोट्या बाटलीत पाणी घालून पातळ केलेला. कुणी आम्हाला विचारलं असतं तर!

एवढे सगळे उपाय करूनही कधी कधी वाफ धरतेच, आणि मग हाताशी उरतो तो एकच इलाज. समुद्र आत घ्यायचा. मास्कची कड बोटाने किंचित उचलायची, चमचाभर पाणी येऊ द्यायचं, डोकं खाली करून ते काचेवरून फिरवायचं, मग वर बघत मास्कचा वरचा काठ कपाळावर दाबून नाकाने फुंकायचं. पाणी खालून निघून जातं आणि काच धुतल्यासारखी होते. शिकताना हे सगळ्यांकडून करून घेतात. तरी मास्कमध्ये पाणी येणं ह्यालाच लोक सगळ्यात जास्त भितात. डोळ्यांसमोर पाणी चढताना दिसलं की मान्य केलेल्या सगळ्या गोष्टी अंग विसरतं. त्यामुळे कित्येक जण पाणी आत घेण्यापेक्षा धुक्यात पोहणं पसंत करतात, आणि मला ते समजतं.

एका डाइव्हला माझा जोडीदार असाच होता. उंच, बोलका माणूस. बोटीवर थुंकायला त्याला लाज वाटली. खाली उतरताच त्याची काच पांढरी झालेली मला बाहेरून दिसत होती, आत डोळे होते की नाही तेही कळत नव्हतं. मी मास्ककडे बोट दाखवून पाणी घे अशी खूण केली. त्याने जोरजोराने 'ओके' केलं. पुन्हा खूण केली, पुन्हा 'ओके'. शेवटी मी त्याचा दंड धरला आणि आम्ही तसेच फिरलो. मध्ये एक कासव आलं, अगदी हाताच्या अंतरावरून, मान न वळवता निघून गेलं. मी त्याचा हात दाबून दाखवलं, तो भलत्याच दिशेला बघून मान डोलावत राहिला. वर आल्यावर सगळे कासवाबद्दल बोलत होते आणि तोही बोलत होता, मोठं होतं म्हणाला. मग लॉगबुकं, म्हणजे डाइव्हच्या नोंदवह्या, निघाली. खोली, वेळ, तापमान हे आकडे काँप्युटरवर असतात, ते त्याने भराभर उतरवले. पाणी किती मीटरपर्यंत स्वच्छ दिसत होतं, ह्या रकान्यापाशी तो थांबला, पेन तोंडात धरलं, हळूच माझ्या वहीत डोकावला आणि आपल्याही वहीत लिहिलं: पंधरा.